पुरानंतरचे मन : आपत्तीतून वाचलेल्या माणसाची वाढ होते का?

म्हादईकाठ (सत्तरी)

सर्वांस नमस्कार.

२३ जुलै २०२१ रोजी आलेल्या पुरात सत्तरी, डिचोली, बार्देश, पेडणे आणि धारबांदोडा या तालुक्यांत शेकडो घरांची पडझड झाली. १९८२ नंतर गोव्याने असा पूर पाहिला नव्हता, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा म्हटले होते. आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर त्या दिवशी बसले, कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) गाळ साचला, गोठ्यातील जनावरेही वाचवता आली नाहीत. घरातील माणसे मात्र सुखरूप राहिली. नुकसानभरपाई आणि नदीचे नियोजन यांवर येथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे. मला आज वेगळ्या गोष्टीविषयी विचारायचे आहे.

पुरानंतरच्या या वर्षांत माझ्यात आणि आमच्या वाड्यावरील काही जणींत जे बदल झाले आहेत, ते सगळेच वाईट नाहीत. पूर्वी मी ग्रामसभेत कधी तोंड उघडले नव्हते, आता उभी राहून प्रश्न विचारते. ओहोळापलीकडच्या घरांशी आमचा लग्नकार्यापुरता संबंध होता, आता त्या घरांतील कोणाला कोणते औषध चालू आहे हेही मला माहीत असते. दुसरीकडे, रात्री पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की मी अजूनही उठून बसते. सासूबाईंनी तर पडवीच्या उरलेल्या खांबावर छातीएवढ्या उंचीवर उमटलेली चिखलाची रेघ कोणालाही पुसू दिलेली नाही. नव्या घराला रंग लावताना रंगाऱ्याला त्यांनी तेवढा खांब सोडायला लावला, आणि मिरग जवळ आला की त्या रेघेवर तळवा टेकवून त्या काही क्षण उभ्या राहतात. त्या घाबरलेल्या असतात की धीर गोळा करत असतात, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

मागच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी आलेले एक नातेवाईक म्हणाले, ‘पुराने तुला घडवले.’ ते चांगल्या भावनेने बोलले, तरीही ते वाक्य मला लागले. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘आघातोत्तर वाढ’ ही संकल्पना मांडली, एवढे मी वाचले आहे. पण ही वाढ खरी असते, की झालेले नुकसान सोसता यावे म्हणून मन स्वतःची समजूत घालत असते? आणि ती खरी असेल, तर तिचे श्रेय पुराला द्यायचे का? ज्यांनी असे काही अनुभवले आहे आणि ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, अशा दोघांनीही लिहावे ही विनंती.

—

काणकोणकर

ताई, तुम्ही विचारले आहे म्हणून लिहितो, नाहीतर या विषयावर मी सहसा बोलत नाही.

काणकोणात पूर आला तो २ ऑक्टोबर २००९ रोजी. पावसाळा सरत आला होता, भात कापणीच्या तोंडावर होते आणि गांधी जयंतीची सुट्टी असल्याने आम्ही सगळे घरी होतो. तळपण आणि गालजीबाग या नद्यांचे पाणी ज्या वेगाने चढले, तो वेग आमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीत नव्हता. डोंगरावरून दरडी आल्या, झाडे मुळांसकट वाहत आली. आमच्या घरातील धान्याची कणगी अंगणातून तरंगत जाताना मी माडीवरून पाहिली.

माझी काही वाढ झाली, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. मी पूर्वी मोकळा माणूस होतो, नंतर सावध झालो. ऑक्टोबरात ढग दिसले की मुलांना फोन करतो, ती रागावतात. आमच्याकडे त्या वेळी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘जीव वाचला हे महत्त्वाचे’ असे म्हणून जात असे. ते खरेच होते, पण त्या वाक्यानंतर आम्हाला पुढे काही बोलताच येत नसे. ज्यांना संकटातून बळ मिळाले त्यांच्याविषयी मला आदर आहे. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात काही कमी होते, असा अर्थ या चर्चेतून निघू नये एवढीच माझी अपेक्षा आहे.

—

मनोमार्ग

काणकोणकर काका, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण या विषयावरचे संशोधनही तुमच्याच बाजूने बोलते.

मी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. टेडेस्की आणि कॅल्हून यांच्या मांडणीचा गाभा असा आहे : आपण सगळेच जगाविषयीच्या काही गृहीतकांवर रोजचे जगणे उभारतो. ‘आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येत नाही’, ‘नदी आपली आहे’, ‘नीट वागणाऱ्याचे नीट होते’ ही ती गृहीतके. आपत्ती घराबरोबर ही गृहीतकेही पाडते, आणि त्यानंतर माणसाला जगाविषयीची आपली समजूत पुन्हा उभी करावी लागते. ही पुनर्उभारणी करताना काही माणसे पूर्वीपेक्षा अधिक भक्कम आणि अधिक उदार समजुतीपर्यंत पोहोचतात. वाढ म्हणतात ती याला. म्हणजे म्हादईकाठताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पुराने केली ती मोडतोड. जे उभे राहिले ते तुम्ही आणि तुमच्या आसपासच्या माणसांनी नंतरच्या काळात घेतलेल्या कष्टांतून, आणि नातेवाइकांचे वाक्य तुम्हाला लागले ते बहुधा यासाठीच, की तुमच्या कष्टांचे श्रेय त्यांनी पाण्याला दिले.

या दोघांनी १९९६ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात २१ विधाने आहेत आणि ती पाच क्षेत्रांत विभागलेली आहेत : माणसांशी असलेली जवळीक, आयुष्यातील नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याविषयीची कृतज्ञता. तुमच्या लेखनात यांपैकी दोन-तीन क्षेत्रे स्पष्ट दिसतात. ग्रामसभेत उभे राहणे ही स्वतःच्या बळाची जाणीव आहे आणि ओहोळापलीकडच्या घरातील औषधे माहीत असणे ही जवळीक आहे. पाचही क्षेत्रांत सारखा बदल व्हावा लागत नाही.

हे घडते कसे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपत्तीनंतर पहिल्या काळात विचार आपोआप, नको असताना येतात : ‘तासभर आधी निघालो असतो तर?’, ‘दावे कापले असते तर गुरे वाचली असती का?’ हे विचार माणूस करत नाही, ते त्याच्यावर चालून येतात. पुढे, सर्वांच्या बाबतीत नाही पण अनेकांच्या बाबतीत, विचारांची दुसरी तऱ्हा सुरू होते. तिच्यात माणूस स्वतःहून बसून विचार करतो : आता कसे राहायचे, कोणावर विसंबायचे, काय सोडून द्यायचे. पहिल्या तऱ्हेकडून दुसरीकडे जायला जी गोष्ट मदत करते, ती म्हणजे सल्ला न देता ऐकणारे माणूस. काका, तुमच्याकडे आलेल्यांनी ‘जीव वाचला’ म्हणून तो दरवाजा नकळत बंद केला. त्यात तुमचा दोष नाही, आणि त्यांच्याही मनात वाईट नव्हते.

आता संशोधनाची दुसरी बाजू. २००९ साली पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघातापूर्वी आणि आघातानंतर अशी दोन्ही वेळा पाहणी केली. ‘माझ्यात चांगला बदल झाला’ असे सांगणाऱ्यांच्या दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना केली असता प्रत्यक्षातील बदल आणि त्यांना जाणवलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. म्हणून ताईंची शंका योग्यच आहे. जाणवलेल्या वाढीचा काही भाग मनाने घातलेली समजूत असू शकतो. मात्र ती समजूतही त्या काळात माणसाला उभे ठेवत असेल, तर ती हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे मत आहे. वागण्यातील बदल हा मला अधिक भरवशाचा पुरावा वाटतो. ग्रामसभेत विचारलेला प्रश्न इतरांनीही ऐकलेला असतो.

दुःख आणि वाढ एकाच माणसात एकाच वेळी असतात, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळातून वाचलेल्या न्यू ऑर्लिन्समधील अल्प उत्पन्न गटातील मातांच्या अभ्यासात ज्यांना आघातोत्तर ताणाचा अधिक त्रास होता, त्यांनीच वाढही अधिक नोंदवली. त्याच मातांपैकी साधारण सहांतील एकीमध्ये बारा वर्षांनंतरही त्या ताणाची लक्षणे होती. त्यामुळे ‘मी रात्री उठून बसते म्हणजे माझी वाढ खोटी’ असे कोणी समजू नये, आणि ‘वाढ झाली म्हणजे आता त्रास उरला नसेल’ असे घरच्यांनीही धरून चालू नये.

—

खाजनवाट (तिसवाडी)

मनोमार्ग यांचे विवेचन आवडले, परंतु एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. आपत्तीनंतर ‘लोकांची जिद्द’, ‘लोकांनी संकटावर केलेली मात’ असे मथळे येऊ लागले की माझ्या मनात धोक्याची घंटा वाजते. ज्याचे घर मातीचे होते त्याचेच पडले. ज्याचे सिमेंटचे होते त्याने दुसऱ्या दिवशी फरशी धुऊन घेतली. नदीकाठची बांधकामे, डोंगरउतारांची कापाकापी, बुजवलेली खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते) आणि मोडकळीस आलेल्या मानशी (पाण्याची ये-जा सांभाळणारी बांधांतील दारे) यांचा हिशेब कोणी मागायचा? पीडितांच्या मनाची वाढ झाली असे म्हणणे, ही त्यांना घर बांधून न देण्याची पळवाट ठरू नये. आधी छप्पर द्यावे, मनाची चर्चा नंतर करावी.

—

मनोमार्ग

खाजनवाट, तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि क्षेत्रात काम करणारी माणसेही हाच क्रम सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिची तीन सूत्रे आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. यातील ‘जोडून द्या’ म्हणजे अन्न, निवारा, कागदपत्रे, हरवलेली माणसे यांच्याशी जोडून देणे. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हा आधार मदतकार्याचाच भाग मानलेला आहे. भिजलेली शिधापत्रिका बदलून मिळवण्यासाठी आठ खेपा घालणाऱ्या माणसाला शांतपणे विचार करायला सवड कुठून मिळणार? छप्पर ही त्या विचाराची पूर्वअट आहे.

फक्त ‘नंतर’ हा शब्द मला थोडा अडतो. छप्पर मिळेपर्यंत ऐकणे थांबवण्याची गरज नसते. पत्रे ठोकता ठोकताही ऐकता येते.

—

तेरणेकाठ

मी मूळचा किल्लारी परिसरातला. नोकरीनिमित्त अनेक वर्षे वेर्ण्याला आहे, म्हणून या चर्चेत बोलण्याचे धाडस करतो. पूर आणि भूकंप यांची जात वेगळी, पण वाचलेल्या माणसांचे पुढचे आयुष्य बरेच सारखे असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपली होती तेव्हा, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. मी लहान होतो. माझे वडील त्यानंतर कित्येक वर्षे पक्क्या छपराखाली झोपले नाहीत. सरकारने बांधून दिलेले घर रिकामे ठेवून ते समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खाट टाकत. ते एकटेच नव्हते, आमच्या आळीतील बहुतेक पुरुष तेच करत. नवीन गावांत रस्ते रुंद झाले, घरे रांगेत आणि लांब लांब आली. जुन्या गावात एका ओट्यावर बसून चार घरांशी बोलता येत असे, ते संपले. मनोमार्ग ज्याला ऐकणारे माणूस म्हणतात, ते आमच्या पुनर्वसनाच्या आराखड्यातून निघून गेले, आणि त्याची किंमत किती मोठी होती हे मला इतक्या वर्षांनी, हा धागा वाचताना, नीट उमजते आहे.

तरीही एक गोष्ट आवर्जून सांगतो. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. ज्या बायका चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, त्या सिमेंटचे प्रमाण, कोपऱ्यातील सळ्या आणि बांधकामाचा दर्जा यांवर अभियंत्यांशी बोलू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि काम शिकवायला गेल्या. स्वतःच्या घरातील माणसे गमावलेली बाई दुसऱ्या प्रांतातील अनोळखी बाईच्या पडक्या घरासमोर बसून ‘मी यातून गेले आहे’ असे सांगते, तेव्हा तिचे दुःख कमी झालेले नसते, पण त्या दुःखाला काहीतरी काम मिळालेले असते. माझ्या आईला तसे काही करता आले नाही, आणि तिची व तिच्यासारख्या इतरांची वाट निराळी राहिली. काणकोणकर काकांनी जे म्हटले ते म्हणूनच मला पटते. एकाच गावात, एकाच पहाटेनंतर, माणसे वेगवेगळ्या दिशांना गेली.

—

पाटीपेन्सिल (डिचोली)

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते.

पुरानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगी दप्तर कधीच खाली ठेवत नसे. बाकावर, खिडकीत, कपाटावर, जिथे उंच जागा मिळेल तिथे ती ते ठेवायची. घरीही वह्या माळ्यावर ठेवल्याशिवाय ती झोपत नाही, असे तिच्या आईने सांगितले. मी तिला त्याबद्दल टोकले नाही. उलट भिंतीला सर्वांसाठीच एक उंच फळी लावून घेतली, आणि ज्याला हवे त्याने तिथे दप्तर ठेवावे असे सांगितले. काही महिन्यांनी त्या फळीवर इतरांचीच दप्तरे अधिक दिसू लागली आणि ती मुलगी स्वतःचे दप्तर पायाशी ठेवू लागली. पुढच्या पावसाळ्यात वीज गेली की लहान मुलांना जवळ घेऊन बसणारी तीच होती. यात वाढ किती आणि लहान वयाचा लवचीकपणा किती, हे ठरवण्याचे ज्ञान माझ्याकडे नाही.

शिक्षकांना मात्र एक कळकळीची विनंती करते. पूरग्रस्त मुलांकडून ‘पुराने मला काय शिकवले’ असे निबंध लिहून घेऊ नका. मुलाला गुण हवे असतात, म्हणून ते आपल्याला हवे तेच लिहिते. त्याला चित्र काढू द्यावे, मातीत घर बांधून त्यावर पाणी ओतू द्यावे, हवे तितक्या वेळा तेच खेळू द्यावे. आणि मुलाला सांगायचे नसेल तर विचारू नये.

—

पोफळीबन (सत्तरी)

म्हादईकाठ, तुमच्या शेजारच्याच गावातली मी. पाच क्षेत्रांतील आध्यात्मिक बदलाविषयी लिहिते.

आमच्याकडे नदीची ओटी भरण्याची रीत आहे. त्या पुरात अंगणातील तुळशी वृंदावनासकट घर गेले, आणि त्या वर्षी मी ओटी भरायला गेले नाही. जिने घर नेले तिला खण-नारळ का द्यायचा, असे माझे मन म्हणत होते. घरातील कोणी मला समजावले नाही, रागावलेही नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पूर जुलैच्या शेवटी आला आणि १० सप्टेंबरला चवथ होती. मूळ घरच उरले नाही तर गणपती कुठे आणायचा, हा प्रश्न आमच्या कुळातील सगळ्यांपुढे पडला. शेवटी वरच्या वाड्यावरील शेजाऱ्यांनी आपल्या खोलीत जागा करून दिली. दोन घरांचे गणपती एका भिंतीला, वर दोन माटोळ्या (गणपतीवर फळे-पाने बांधायच्या चौकटी) एकमेकींना लागून बांधलेल्या. आमच्या माटोळीला बांधायला कुळागरात काहीच उरले नव्हते, तर लोकांनी एक-एक फळ आणून बांधले. कोणी कांगले, कोणी आटके, कोणी नुसती पोफळाची शिपटी.

मी पुन्हा नदीवर जाते. पूर्वी काहीतरी मागायला जात असे, आता मागत नाही. माझी श्रद्धा वाढली की कमी झाली, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. ती आता वेगळ्या जागी आहे, आणि तिथे मला बरे वाटते.

—

काणकोणकर

पोफळीबन यांचे लेखन वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आमच्याकडेही त्या दिवाळीला असेच झाले होते. मी ते विसरलो होतो. शेजाऱ्यांच्या अंगणात आमच्या घरातील मुलांनी अभ्यंगस्नान केले होते.

मनोमार्ग यांना एक प्रश्न आहे. इतकी वर्षे उलटून गेल्यावरही ऑक्टोबरात छाती धडधडते, झोप तुटते. आता या वयात त्यावर काही करता येते का, की सोसायचे?

—

मनोमार्ग

काका, नक्की करता येते, आणि वय त्याच्या आड येत नाही.

ठरावीक महिन्यात त्रास वाढणे हे वाचलेल्या माणसांत सर्रास आढळते. गोव्यातील पूरग्रस्तांची अडचण अशी की भूकंप पुन्हा होईलच असे नसते, पण पाऊस दरवर्षी चार महिने येतोच. तीच गाज, तोच वास, तीच गेलेली वीज. प्रत्येक मिरगाला मन त्या जागी परत नेले जाते. या गोष्टीचा एक उपयोगही आहे, कारण दरवर्षी ठरलेल्या वेळी, भीती येण्याआधी, तयारी करता येते. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या डब्यात भरणे, कोणी कोणाकडे जायचे ते ठरवणे, वृद्धांना कोण उचलणार ते बोलून ठेवणे, ही कामे घर वाचवण्यासाठी जितकी उपयोगी तितकीच मनासाठीही असतात. २००९ साली आपण काही करू शकलो नाही, ही जाणीव जिथे रुतलेली असते तिथे ‘आता मला काय करायचे ते माहीत आहे’ ही जाणीव हळूहळू जागा घेते. म्हादईकाठताईंच्या सासूबाई रेघेवर हात ठेवतात, तेही मला या तयारीच्याच जवळचे वाटते.

झोप तुटणे, धडधड, ती जागा टाळणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे हे महिनाभरापेक्षा अधिक टिकत असेल आणि रोजच्या कामात अडथळा येत असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवावे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. आपल्याच गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या कामातून हे सिद्ध झाले आहे की नैराश्यावरचा समुपदेशनाचा उपचार, नीट प्रशिक्षण दिले तर, डॉक्टर नसलेली स्थानिक माणसेही परिणामकारकरीत्या देऊ शकतात. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहेत. आपल्या भाषेत, आपल्या गावातील माणसाने शिकून घेऊन ऐकणे ही कमी प्रतीची मदत नव्हे.

एक सूचना मदत करणाऱ्यांसाठी : आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत, प्रत्येकाकडून सगळा अनुभव वदवून घेण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असे आढळल्याने आता तिची शिफारस केली जात नाही. आणि ‘यातून तुम्हाला काय मिळाले?’ हा प्रश्न आपण कधीही विचारू नये. माणसाने स्वतःहून सांगितले तर ऐकावे.

—

खाजनवाट (तिसवाडी)

माझा आक्षेप आता बराच निवळला आहे. ग्रामसभेत प्रश्न विचारणारी माणसे आपत्तीतून पुढे येत असतील, तर मानशींचा आणि बांधकामांचा हिशेबही तीच मागतील. म्हादईकाठ, तुम्ही ग्रामसभेत नेमके काय विचारता, हे वाचायला आवडेल.

—

म्हादईकाठ (सत्तरी)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचताना काही ठिकाणी थांबावे लागले.

खाजनवाट, मी पहिला प्रश्न विचारला तो असा : पाणी चढू लागल्याचे वरच्या गावाला कळले होते, मग ते खालच्या वाड्याला कोणी आणि कसे कळवायचे होते? तेव्हा सभेत कोणाकडेच उत्तर नव्हते. आता प्रत्येक वाड्यावर दोन जणांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला फलक आहे, आणि वीज व नेटवर्क दोन्ही गेले तर देवळातील घंटा सलग वाजवायची असे ठरले आहे. अंथरुणाला खिळलेल्या तीन वृद्धांना कोण उचलणार, हेही लिहून ठेवलेले आहे. हे सगळे बायकांनी गाळ उपसताना आपसात बोलून काढले. विहिरीतील गाळ काढायला कित्येक दिवस लागले, आणि बादल्या हातोहात देताना जे बोलणे झाले तसे आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. कोणी रडली तर दुसरी बादली घ्यायची, काम थांबत नसे. मनोमार्ग यांचे लेखन वाचल्यावर मला वाटते की माझ्या बाबतीत जे काही झाले ते त्या विहिरीवर झाले. पुरुषांना असे बसून बोलायला काही मिळाले नाही. ते कचेऱ्यांत आणि बाजारात धावत होते. माझे यजमान आजही त्या दिवसाविषयी एक वाक्य बोलत नाहीत. कुळागरात नवीन पोफळी लावल्या आहेत, त्यांना फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तिथे ते तासन् तास एकटेच असतात.

म्हणून यंदा मिरगाच्या आधीच्या रविवारी, नेहमीची तयारीची बैठक देवळाच्या मंडपात घेतानाच, पुरुषांचे एक वेगळे काम काढायचा विचार आहे : कुळागराच्या वरचा जुना पाट सर्वांनी मिळून साफ करायचा. त्यात भाषण नाही, पाहुणे नाहीत, छायाचित्रे नाहीत. मनोमार्ग, तुम्हाला शक्य असेल तर या, पण फावडे घेऊनच यावे लागेल. तेरणेकाठ, वेर्ण्याहून येणे जमत असेल तर तुम्हीही या. तुमच्या वडिलांविषयी जे लिहिले आहे ते माझ्या यजमानांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते पुन्हा वाचायला मागितले.

काणकोणकर काका, तुम्हालाही निमंत्रण आहे. लांब पडेल याची कल्पना आहे.

—

तेरणेकाठ

येतो. त्या रविवारी सुट्टी आहे.

—

मनोमार्ग

मी येते. फावडे आहे.

—

काणकोणकर

ताई, धाकटा मुलगा गाडीने आणून सोडेल म्हणतो. पाट साफ करण्याचे काम मला येते, आमच्याकडेही पोफळी आहेत. त्या दिवसाविषयी बोलेनच असे मात्र सांगत नाही. किती वाजता सुरुवात आहे आणि वाळपईहून पुढे कोणत्या फाट्यावर वळायचे, ते कळवावे.